पारड्यात कोण बसणार

माझ्या चुलतभावाला फोनवर हळू बोलता येत नाही. सायखेड्याच्या पुढे नदीकाठी त्याची शेती आहे आणि जन्मभर तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलत आलाय. त्यामुळे फाल्गुनातल्या एका रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावलेला नव्हता, तरी स्वयंपाकघरापर्यंत सगळं ऐकू गेलं.

"अरे, गूळ सांगून ठेवायचाय. यात्रा आली का भाव चढतो. पोरीचं वजन किती धरू?"

"दादा, मी तुला मागून फोन करतो."

"मागून कशाला? नुसता आकडा सांग. पंचावन का साठ? तुझ्यावर गेली असंल तर साठच धरतो."

जेवणाच्या टेबलावर माझी मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. ती पंचवीस वर्षांची आहे, संख्याशास्त्र शिकलेली आहे आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम नाशकात, सिडकोतल्या आमच्या घरात बसून करते. तिने लॅपटॉप मिटला. लॅपटॉप मिटण्याचा आवाज फार होत नाही, पण मला तो ऐकू आला.

"कोणाच्या पोरीचं वजन, पप्पा?"

मी फोन ठेवला आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवायची माझी ताकद तेवढीच असते. आदल्या भाद्रपदात तिला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट रोज खाली जात होत्या आणि एका दुपारी डॉक्टर म्हणाले की आज फक्त वाट बघायची. मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसलो आणि आमच्या गावच्या देवीला नवस बोललो, की पोरगी बरी होऊ दे, चैत्रातल्या यात्रेत तिची गुळाने तुला करीन. मुलगी बरी झाली. आता चैत्र तोंडावर आला होता.

"म्हणजे मला तराजूत बसवणार," ती म्हणाली.

"पाच मिनिटं लागतात."

"गावासमोर."

"लहान मुलं बसतात. रडतही नाहीत."

बायको भाकरी थापत होती. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती सोमवार करते, चतुर्थी करते, सकाळी देवपूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही. ती म्हणाली, "मला विचारून बोललात का नवस? मी तेव्हा वर रक्तपेढीला फोन लावत होते." आणि भाकरी उलटली.

मुलगी मग ते वाक्य बोलली, जे पुढे महिनाभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. "पप्पा, रागावू नका. पण तुम्ही श्रद्धाळू माणसं सगळी सारखीच. घाबरता, म्हणून देवाशी सौदा करता. सौदा अंगाशी आला की पळवाट शोधता."

"असं सगळ्यांना एका मापाने मोजू नये," मी म्हणालो.

"बरं, मग तुमच्यापुरतं सांगा. मी नाही बसले तर काय होईल?"

मी म्हणालो, "आधी जेवून घे."

*

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आलेला माल तपासायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल पट्टी लावायची, हे माझं काम. पंचवीसेक वर्षं हेच केल्यामुळे मला एक सवय लागली आहे. कोणी काही आरोप केला की मी तो स्वतःला लावून बघतो, मापात बसतो का. बहुतेक वेळा बसतो. बायको म्हणते, चौकात दोन अनोळखी माणसांचं भांडण झालं तरी ह्यांना वाटतं आपलंच काही चुकलं असेल.

पण या वेळी मी ठरवलं की निदान सगळ्या श्रद्धाळू माणसांच्या वतीने तरी उत्तर द्यायचं. आमच्या नाशकात श्रद्धाळूंची काय कमी आहे? रामकुंडावर रोज देशभरातून माणसं येतात, त्र्यंबकला जाणाऱ्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते, आणि आता सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं शहर खणून ठेवलंय. एवढ्या सगळ्यांना माझी मुलगी घाबरट म्हणते आणि मी जेवून घे म्हणतो, याची मला लाज वाटली.

मोबाईलवर असल्या प्रश्नांची उत्तरं देणारे व्हिडिओ असतात. जेवणाच्या सुट्टीत मी ते बघू लागलो. त्यातले गृहस्थ फार आत्मविश्वासाने बोलत. समोरचा नास्तिक एक प्रश्न विचारी, हे एक उत्तर देत, आणि नास्तिक मान खाली घाली. मला वाटलं, आपल्यालाही जमेल.

पहिल्या दिवशी मी मुलीला म्हणालो, "हवा दिसते का? पण असते ना?"

ती म्हणाली, "असते. पण हवेला नवस बोलतं का कोणी?"

व्हिडिओतल्या नास्तिकाने हे विचारलेलं नव्हतं. मी दोन दिवस थांबलो आणि दुसरा मुद्दा तयार केला. हा माझ्या धंद्यातला होता, म्हणून मला त्याची खात्री होती. "हे बघ, साधा एक बोल्ट आपोआप तयार होत नाही. त्याला ड्रॉइंग लागतं, मशीन लागतं, माणूस लागतो. मग एवढं काटेकोर जग आपोआप झालं का?"

"काटेकोर?" ती म्हणाली. "पप्पा, माझी अक्कलदाढ आडवी आली होती. तुम्हीच नेलं होतंत काढायला. असा माल तुमच्याकडे आला असता तर अख्खा लॉट परत पाठवला असतात."

खरंच पाठवला असता. मी मान खाली घातली. स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. देवापुढे दिवा लावता लावता ती हसत होती. तिची श्रद्धा आणि माझी श्रद्धा एकाच देव्हाऱ्यासमोर उभी असते, पण तिच्या श्रद्धेला कधी घाम फुटत नाही.

*

कारखान्यात टूलरूमचा इनचार्ज माझा मित्र आहे. आम्ही एकाच वर्षी लागलो आणि तेव्हापासून एकाच टेबलावर डबा खातो. तो बौद्ध आहे. त्याच्या वसाहतीत जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा मी दरवर्षी जातो आणि त्याची बायको मला खीर देते. एवढ्या ओळखीवर मला वाटत होतं की मला त्याच्याबद्दल सगळं माहीत आहे.

मी त्याला नवसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणालो, "तुमच्यात बरं आहे यार. नवस नाही, अंगारा नाही, काही भानगडच नाही. सगळं कसं तर्काला धरून."

त्याने चपातीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तुमच्यात म्हणजे कोणात?"

"म्हणजे... तुमच्यात."

"पोरीने तुला 'तुम्ही श्रद्धाळू माणसं' म्हटलं म्हणून आठ दिवस तोंड पाडून बसलायस. आणि आत्ता मला काय म्हणालास?"

मी माफी मागितली. मग माफीत काही राहून गेलं असेल असं वाटून पुन्हा मागितली.

"माफी नको, चटणी सरकव," तो म्हणाला. "आणि ऐक. सुनेची डिलिव्हरी होती ना मागल्या वर्षी, ती अडली होती. शेजारच्या काकू अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या. आता तू मला ओळखतोस. घरात असलं काही चालणार नाही, हे मी सगळ्यांना ऐकवून ऐकवून दमवलंय."

"मग?"

"घेतली पुडी. शर्टाच्या खिशात ठेवली. नात झाली, सगळं चांगलं झालं, आणि शर्ट धुवायला टाकताना पुडी बायकोला सापडली. तेव्हापासून आमच्या घरात मला भाषण करू देत नाहीत. मी तोंड उघडलं की सून खिशाकडे बघते."

"म्हणजे तू मानतोस?"

"नाही."

"मग टाकून का दिली नाहीस?"

"आधी काकू समोर उभ्या होत्या, त्यांना वाईट वाटलं असतं. नंतर काकू गेल्या, तेव्हा मी घाबरलो होतो. दोन्ही खरं आहे, तुझ्या रिपोर्टात काय लिहायचं ते लिही."

मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं, कारण मित्राच्या फजितीवर आपल्याला बरं वाटू नये. मी त्याला विचारलं की आता मी काय करू. तो म्हणाला, "द्राक्षांचा सीझन आहे. गावाला द्राक्षं खायला चल म्हण. तिथे गेल्यावर बसेल."

हा सल्ला वाईट आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी संध्याकाळी घरी गेल्यावर मी म्हणालो, "यंदा दादाच्या बागेत द्राक्षं छान आलीयेत म्हणे."

मुलीने लॅपटॉपवरून नजर न काढता सांगितलं, "मंडईतही छान आलीयेत."

*

मग मी एकटाच गावाला गेलो. देवीचं देऊळ लहान आहे, समोर मोठा कडुनिंब, आणि यात्रेत त्या कडुनिंबाच्या फांदीला लोखंडी दांडी अडकवून दोन बाजूंना साखळ्यांनी फळ्या टांगतात. तो तुलेचा तराजू. देवळाचा गुरव वर्षभर शाळेची व्हॅन चालवतो आणि यात्रेत तराजू सांभाळतो. मी त्याला देवळामागे गाठलं आणि हळूच विचारलं, की ज्याची तुला करायची ते माणूस आलंच नाही तर काही करता येतं का.

"येतं ना," गुरव म्हणाला. "लय लोकांचं असं होतं. पोरं परदेशात जात्यात. मग फोटो ठेवत्यात पारड्यात."

"फोटोचं वजन किती होणार?"

"फ्रेम करून आणा."

तेवढ्यात दादा तिथे आला. त्याने दुसरा मार्ग काढला. "जन्मली तवाचं वजन धर की. अडीच-पावणेतीन किलो. नवसात तारीख कुठं घातली होती तू?"

गुरवाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, नवस ज्या दिवशी बोलला त्या दिवशीचं वजन धरायला पाहिजे. दादा म्हणाला, मग तर ती तापानं वाळलेली होती, गूळ कमीच लागंल. गुरव म्हणाला, कमी का असंना, पण खरं पाहिजे. मी म्हणालो, हॉस्पिटलच्या कागदावर त्या दिवसाचं वजन लिहिलेलं असेल. आम्ही तिघंही अगदी रंगून गेलो. कपडे धरायचे का वगळायचे इथपर्यंत आलो होतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी देवळाच्या मागच्या बाजूला उभा राहून, देवीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिला कमी गूळ कसा द्यायचा ते ठरवतोय. घाबरतात, सौदा करतात, पळवाट शोधतात. पहिल्या दोन गोष्टी मी हॉस्पिटलच्या जिन्यात एका बैठकीत केल्या होत्या. तिसरीसाठी मी पेट्रोल घालून गावापर्यंत आलो होतो. जगातल्या सगळ्या श्रद्धाळूंची बाजू मांडायला निघालेल्या माणसाने मुलीचा आरोप एकट्याने सिद्ध करून दाखवला होता.

मी दर्शन न घेताच परत निघालो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. दादाने मागून ओरडून विचारलं, "मग गूळ किती आणू?" मी गाडी काढली, तेव्हा त्याने माझ्या बायकोला फोन केला. तिने मुलीचं आताचं वजन सांगून टाकलं. मी तिला विचारलं, का सांगितलंस? ती म्हणाली, "गूळ काय, कोणीतरी खाईलच. लापशी होते यात्रेत. बसायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा."

*

यात्रेच्या आठवडाभर आधी मुलीला एका दिवसासाठी पुण्याच्या ऑफिसात जायचं होतं. सकाळी मी तिला पुण्याच्या बससाठी स्कूटरवर द्वारका सर्कलला सोडायला निघालो. रस्ता एका बाजूने खणलेला होता आणि सर्कलच्या अलीकडे आम्ही एका ट्रकच्या मागे अडकलो. पुढे हलता येईना, मागे वळता येईना. ती माझ्या पाठीमागे बसली होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तिने तेव्हा विचारलं.

"पप्पा, तुम्ही अजून उत्तर दिलं नाहीत. मी नाही बसले तर काय होईल?"

व्हिडिओतल्या गृहस्थाकडे याचं उत्तर होतं. श्रद्धेची परीक्षा वगैरे काहीतरी होतं. मला ते आठवलंही. पण ट्रकचा धूर तोंडावर येत होता आणि मला एकदम खोटं बोलायचा कंटाळा आला.

"काही होणार नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"तुला काही होणार नाही. आपली देवी तसली नाही. पोरीवर सूड घेईल अशी देवी असती तर मी तिच्याकडे गेलोच नसतो."

"मग एवढं काय चाललंय तुमचं महिनाभर? रात्री उठून पाणी पिता. वजनाचे काटे बघता नेटवर."

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, फक्त वाट बघायची. मला ते जमलं नाही. तुझी आई काहीतरी करत होती, नर्स काहीतरी करत होती. मला करायला काहीच नव्हतं. नवस बोललो तेव्हा वाटलं, चला, आपणही काहीतरी केलं. आता तो नवस तसाच राहिला, तर मग त्या दिवशी मी नुसताच जिन्यात बसलो होतो असं होईल."

ट्रक फूटभर पुढे गेला, मीही गेलो.

"तुम्ही नुसतेच जिन्यात बसला होतात, पप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "मी विचारत होते, पप्पा कुठे आहेत. आई म्हणे, येतीलच आता. मला खूप भीती वाटत होती. कोणीतरी हात धरावा असं वाटत होतं. आईच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात कागद. तुमचे दोन्ही हात मोकळे होते आणि तुम्ही ते खाली जाऊन देवीला जोडलेत."

मी आरशात बघायचा प्रयत्न केला. आरशात फक्त रिक्षावाला दिसत होता.

"मला कळलंच नाही," मी म्हणालो.

"नवसाचं कळलं तेव्हा मला देवीचाच राग आला. मी तिला मानत नाही, तरी आला. जी नाहीच तिच्यावर रागवायचं, हे लॉजिकमध्ये बसत नाही, ते मला माहितेय. पण आला. आणि मग तुम्ही म्हणता तिच्यासमोर तराजूत बस."

"काका," रिक्षावाला म्हणाला, "पुढची गाडी गेली. गप्पा घरी मारा."

मी स्कूटर काढली. बस उभीच होती. ती उतरली, बॅग खांद्याला लावली. मी म्हणालो, "मी बसतो पारड्यात. नवस माझा आहे."

"तुम्ही? यात्रेत? त्या लहान मुलांच्या लाइनीत?"

"हो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, आमच्याकडे आलेला माल मी बघतो तसं, आणि बसमध्ये चढली.

*

यात्रेच्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. मी काही म्हटलं नव्हतं. "मी फक्त बघायला येतेय," तिने निघतानाच सांगितलं, "आणि गाडी मी चालवणार, मला हायवेची प्रॅक्टिस पाहिजे." मागच्या सीटवरून बायको तिला खड्डे दाखवत होती आणि मी देवीचं नाव घेत होतो, पण त्याचं कारण श्रद्धा नव्हतं.

गावात गेल्यावर मी आधी दर्शन घेतलं. देवीला मी सरळ सांगितलं की पोरगी बसणार नाही, मी बसतो, चालवून घे. पळवाटेबद्दलही सांगितलं. देवळामागे बोललेलं तिने ऐकलंच असणार, हे मला तोपर्यंत सुचलं होतं.

कडुनिंबाखाली रांग होती. सगळ्यांच्या कडेवर पोरं. माझ्या पुढच्या बाईच्या कडेवर दात येत असलेलं बाळ होतं, ते दीड ढेपेत उचललं गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गुरवाने मला बघितलं.

"पोरगी कुठं हाय?"

"पोरगी ती उभी आहे. मी बसणार."

"नवस कोणी बोलला?"

"मी."

"मग बसा," गुरव म्हणाला. "ज्याचा नवस त्यानं बसलं तर देवीला काय हरकत असणार?"

मी चपला काढून फळीवर मांडी घातली. दादा आणि त्याचा गडी समोरच्या फळीवर ढेपा रचू लागले. मुलगी गुळाच्या बाजूला, फळीच्या मागे उभी राहून मोबाईलवर माझं शूटिंग करत होती. ढेपा संपल्या. मी जमिनीवरच होतो.

दादाने रिकाम्या पोत्यात हात घालून बघितलं. "संपला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गूळ मुलीच्या वजनाने आणलेला होता. मी तिच्यापेक्षा बारा-तेरा किलो जास्त आहे. मापात बसणं न बसणं हा ज्याचा रोजचा धंदा, त्याला आठवडाभरात हे सुचलं नव्हतं.

"मला पोरीचा आकडा दिला होता," दादा सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं म्हणाला. "हा ऐनवेळी बसला. माझी चूक नाय."

मी उठायला लागलो, तर गुरवाने हात आडवा केला. "उतरायचं नाय. एकदा बसल्यावर पारडं उचललं पाहिजे, मग उतरायचं. तशी रीत हाय."

"मी आणतो," दादा म्हणाला आणि मोटारसायकल काढून सायखेड्याला गेला. यात्रेच्या गर्दीतून त्याला जाऊन यायला किती वेळ लागणार, हे कोणीच बोललं नाही.

मग लोकांनी मला सल्ले द्यायला सुरुवात केली. घड्याळ काढा. पट्टा काढा. मोबाईल द्या कोणाकडे. चष्म्याचंही वजन असतं, असं एक म्हातारे म्हणाले, म्हणून मी चष्माही काढला. बायको म्हणाली, "पाकीट द्या इकडे, त्यात फार काही नाही म्हणा." रांगेतल्या एका बाईने विचारलं, "काका, आज पोरांचा नंबर लागणार हाय का? आमचं लेकरू उन्हात हाय." तिच्या कडेवरचं लेकरू माझ्याकडे बघून मोठ्याने रडू लागलं. ते रडलं म्हणून मागचं रडलं. मी मांडी घालून, बिनचष्म्याचा, पट्टा सुटलेला, देवीच्या दारात बसलो होतो आणि सगळ्या रांगेची माफी मागत होतो. पायाला मुंग्या आल्या होत्या. चैत्राचं ऊन कडुनिंबातून बरोबर माझ्या डोक्यावर पडत होतं.

तेवढ्यात फळी हलली.

आधी मला भास वाटला. मग माझा गुडघा जमिनीपासून सुटला. फळी हळूहळू वर आली, वीतभर, आणि समोरच्या फळीच्या बरोबरीला येऊन थांबली. मी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघितलं. मुलीने मोबाईल खिशात टाकला होता. तिचा एक हात वरच्या ढेपेवर होता आणि ती अंगाचा भार देऊन तो खाली दाबत होती. चेहरा एकदम निर्विकार, जणू आधार म्हणून सहज हात ठेवलाय.

माझी नोकरी काट्यांची आहे. कोणी गेज वाकडं धरलं तर मला लांबून कळतं. मी तोंड उघडलं आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

गुरवाने हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग रांगेकडे. त्याने घंटा वाजवली.

"झाली तुला. उतरा."

मला उठता येईना. दोन्ही पाय मेले होते. फळी जमिनीला टेकली तेव्हा मुलगी पलीकडून फिरून आली आणि तिने मला उठवायला हात पुढे केला. मी धरला. गुळाने चिकट झालेला होता आणि कडुनिंबाची दोन वाळकी पानंही त्याला चिकटली होती. उभा राहिल्यावरही मी तो लगेच सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही. रांगेतली बाई म्हणाली, "आता बाजूला व्हा की," तेव्हा आम्ही झालो.

दादा बऱ्याच वेळाने तीन ढेपा घेऊन आला. तुला झाली हे ऐकून त्याने मला विचारलं, "झाली कशी? कमी तर पडत होता." मी म्हणालो, "देवीला माहीत." त्या ढेपा मी तशाच गाभाऱ्यासमोर नेऊन ठेवल्या. म्हणजे हिशेबाला काही कमी पडायला नको.

परत येताना पुन्हा मुलगीच चालवत होती. बायको मागे झोपली होती. गाडी महामार्गाला लागली. मग मी म्हणालो, "एक सांगू का. तुम्ही नास्तिक लोक..." आणि थांबलो, कारण मित्राची चटणी आठवली.

"बोला ना," ती म्हणाली. "आम्ही नास्तिक लोक काय?"

"काटा मारता."

तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, एका ट्रॅक्टरला मागे टाकलं. उजव्या हाताचं बोट स्टीअरिंगला चिकटत होतं, ते तिने सोडवून चाटलं.

"एका माणसावरून सगळ्यांचं ठरवू नका, पप्पा," ती म्हणाली.